दादांची ओळ

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, दुपारची वेळ. हजर: मी, रशीदभाई, नागनाथअप्पा आणि सर. गैरहजर: वीज.

क्लासचा पहिला दिवस असा झाला. बीडच्या भाजी मंडईमागे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. आत दोन संगणक, त्यांच्यावर जुन्या साडीची शिवलेली झाकणं, खिडकीला निळा पडदा. वीज नव्हती म्हणून सरांनी पहिला धडा फरशीवर खडूने घेतला. उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडल्या आणि म्हणाले, "ही चौकट म्हंजे खड्डा समजा. खड्डा खणल्याबिगर रोप लावता येत न्हाई. आन् खणलेला खड्डा उघडा ठेवला, तर त्यात कायतरी पडतंच."

रशीदभाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "ताई, फी परत देतेत का विचारा."

आम्ही तिघं तिथे का गेलो तेही सांगते. रशीदभाई मोसंबीचे व्यापारी, उभ्या बागा विकत घ्यायचे. नागनाथअप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि गावाकडे शेती. माझी रोपवाटिका होती, अजूनही आहे. त्या दिवसांत सगळंच बदलत होतं. बँकेचे साहेब हाताने लिहिलेला कागद हातात धरेनात, त्यांना छापील तक्ता हवा असायचा. सरांनी दुकानाच्या शटरवर पाटी लावली होती: 'शेतीचा कारभार संगणकावर शिका'. चौकशीला गेलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "बाहेरच्या देशाचा माल मंडईत यायलाय, आन् तुमी अजून तोंडी हिशेबावर बाग करनार?"

सर उंच आणि किडकिडीत. पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं आणि एक फ्लॉपी. पूर्वी माजलगावकडे एका साखर कारखान्याच्या कचेरीत होते, तिथेच संगणक शिकले. नेकनूरजवळ त्यांची मोसंबीची बाग होती. पण 'माझी बाग' असं ते कधी म्हणाले नाहीत. नेहमी 'दादाची बाग'. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ.

टंकलेखन ते एकाच बोटाने करायचे. दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. आणि रोज क्लास सुरू करण्याआधी आम्हाला म्हणायचे, "जरा खिडकीकडं बघा." आम्ही तिघं मोठी माणसं मुकाट्याने निळ्या पडद्याकडे बघत उभी राहायचो. मागे खिशातली फ्लॉपी मशीनमध्ये गेल्याचा आवाज यायचा, ती कुरकुरायची, मग एक कळ दाबल्याचा आवाज. एकच. परत कुरकुर. "झालं. वळा."

"पासवर्ड असंल," नागनाथअप्पा म्हणायचे.

"एका अक्षराचा पासवर्ड? त्यापरीस कुलूप सोडून द्यावं की बे," रशीदभाई म्हणायचे.

शिकवायचे मात्र उत्तम. मजुरांची हजेरी, खताच्या मात्रा, फवारणीचं वेळापत्रक, झाडागणिक माल, सगळं त्यांनी आमच्याकडून चौकटींत बसवून घेतलं. मी याद्यांवर जगणारी बाई, मला तर माहेरी आल्यासारखं झालं.

एकदा त्यांनी ओढायचं शिकवलं. एक तारीख लिहायची, चौकटीचा कोपरा माउसच्या, म्हणजे त्या उंदराच्या, बटणाने धरायचा आणि ओढत न्यायचा, की पुढच्या तारखा आपोआप भरत जातात. नागनाथअप्पांना त्याची फार मौज वाटली. ते ओढत सुटले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुढचा पोळा आला. मग त्यांनी आपल्या सालगड्याच्या नावापुढे हजेरीचा 'ह' लिहिला आणि तोही ओढायला घेतला. "घ्या! गडी वर्सभर हजर. आता जातो कुठं?"

सरांनी जागेवरून उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. मशीनचा पडदा काळा झाला. सगळ्यांचं त्या दिवसाचं काम गेलं.

"अवो सर, कावून बंद केलं?"

सरांचा हात बटणावरच होता. "आकडे पुढं ओढा, अप्पा. पाण्याचा अंदाज ओढा, मालाचा ओढा. मानसं ओढू नका. हजेरी त्या त्या दिवशी, त्या त्या चौकटीत लिवायची."

"मशीनला काय कळतंय?"

"तेच तर सांगतोय. मशीनला मानूस जिता का मेला कळत न्हाई. तिला भरलेली चौकट कळती, आन् रिकामी कळती."

खोलीत पंखाही बंद होता. खाली दुकानात कुणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं, तीही नेमकी तेव्हाच थांबली. आम्ही चपला घालून लवकर घरी गेलो.

दिवाळीनंतर सर आम्हाला बागेत घेऊन गेले. बाग चौफुली पद्धतीने लावलेली, उभ्या-आडव्या सरळ ओळी. सरांच्या मते शीट, म्हणजे संगणकावरचा चौकटींचा तक्ता, समजायला याहून चांगली जागा नव्हती. उभ्या ओळींना अक्षरं, आडव्यांना आकडे. ते बांधावर उभे राहून ओरडायचे आणि आम्ही झाडांत धावायचो.

"रशीदभाई, डी-पाचमधी जा!"

"सर, डी-पाचमधी गांधीलमाशीचं पोळं हाय!"

"मंग तशी नोंद करा. पन उभं तिथंच ऱ्हावा!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मी कोपऱ्यातल्या पहिल्या झाडाखाली, म्हणजे ए-एकमध्ये, सावलीला उभी राहायला गेले. सर बांधावरून खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाले, "ताई, तिथं नको. तिथं दादा असतो."

मी बाजूला झाले. झाडाखाली कुणी नव्हतं. एका दगडावर चहाचा कप होता, चहावर साय धरलेली. मला वाटलं, दादा इथेच कुठे कामात असतील, येतील.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "दादांची भेट राहिलीच की."

रशीदभाई खिडकीबाहेर बघत होते. "ताई, तुमाला म्हाईत न्हाई का? दादा वारून दोन वर्सं झाली. मातीला मी सोता गेलतो."

नागनाथअप्पांनी खिशातून विभूती काढली, कपाळाला लावली आणि मग न विचारता माझ्यापुढेही धरली. 

मार्गशीर्षात सरांना पित्ताच्या खड्यांमुळे अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मला निरोप आला: ताईंना एकटं पाठवा. मी मोसंबीचा रस, टॉवेल, थर्मास आणि सरांनी माझ्याकडे ठेवलेल्या क्लासच्या किल्ल्या असं सामान घेऊन गेले. सरांनी रसाकडे बघितलंही नाही. उशाखालून फ्लॉपी काढली.

"तुमी कामं विसरत न्हाईत, म्हनून तुमाला सांगतोय. ह्यात बागेची हजेरी हाय. पयल्या ओळीत दादा. रोज आजच्या तारखेखाली एक 'ह' लिवायचा. बास."

"दादांच्या नावापुढे?"

"हां."

मी थांबले. मी थांबले की समोरचा माणूस बोलतो, हा माझा अनुभव आहे. सर बोलले.

कारखाना सोडून ते बागेवर आले तेव्हा संगणकाची नवलाई होती. दादांना चमत्कार दाखवायचा म्हणून त्यांनी एका दुपारी अख्ख्या हंगामाची हजेरी भरून टाकली. दादा आणि सगळे मजूर, प्रत्येकापुढे 'ह', आणि कोपरा धरून ओढत नेला तो थेट गुढीपाडव्यापर्यंत. कुणी आलं नाही तर तेवढी चौकट बदलायची, असा हिशेब. दादा हसून म्हणाले होते, "म्हंजे पाडव्यापोत्तर मला सुट्टी न्हाई म्हना की."

संक्रांतीनंतर दादा झोपेत गेले. दुःखात शीट कुणाला आठवणार? पण दहाव्याच्या आधीच बाया एकमेकींत बोलायला लागल्या. सकाळी कामावर यावं तर ठिबक सिंचनाच्या पाण्याचा कॉक आधीच फिरवलेला. कोपऱ्यातल्या झाडाखाली पालापाचोळा दाबलेला, कुणी बसून उठल्यासारखा. दादांच्या बायको, वहिनी, काही बोलत नव्हत्या. रोज एक कप चहा जास्त टाकत होत्या.

"पाडवा झाला आन् वहिनीचा निरोप आला," सर म्हणाले. "'आज आले न्हाईत.' मी शीट उघडली. पाडव्याच्या पुढं सगळ्या चौकटी रिकाम्या. माझ्याच्यानं बघवंना, ताई. मी एक 'ह' लिवला. दुसऱ्या दिवशी कॉक फिरला."

"आणि तेव्हापासून रोज?"

"रोज. एकेक."

मी फ्लॉपी पर्समध्ये ठेवली आणि परतीच्या बसमध्ये मनाशी ठरवलं: आजारी माणसाची समजूत आहे, काम छोटं आहे, करून टाकायचं. रोज सकाळी क्लास उघडायचा, 'ह' लिहायचा, कुलूप. मी कसलाही विश्वास ठेवत नव्हते. फक्त लिहिताना दाराकडे पाठ येणार नाही अशी खुर्ची फिरवून घेतली होती.

मग एक दिवस वीज गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी दोन चौकटी एकदम भरल्या आणि म्हटलं, आता एकदा जाऊन डोळ्यांनी बघू. नेकनूरची बस धरली. तेवढ्यात कळवायची सोय नव्हती. फोन नेकनूरात होता, मळ्यात नव्हता.

वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. ठेंगण्या, डोक्यावर पदर, हातात खुरपं. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "काल कुनी लिवलं न्हाई का?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वीज नव्हती."

"मंग बरुबर. काल आले न्हाईत. आज आले, पन उन्हं वर आल्यावर."

त्यांनी मला आत नेलं. बागेत शेणखत टाकायचं काम चालू होतं. झाडांना मृग बहाराची फळं होती, हिरवी, अजून न भरलेली. दोन ओळींमधल्या वाटेवरून एक बाई डोक्यावर भरलेली टोपली घेऊन येत होती. वाट पूर्ण मोकळी होती. मधेच ती म्हणाली, "सरका वो दादा," क्षणभर थांबली, अंग चोरून कडेने गेली आणि पुढच्या झाडाला टोपली रिकामी केली. तिने मागे वळून बघितलं नाही. बाकीच्यांनी मान वर केली नाही. दादा गावात सगळ्यांचेच दादा होते आणि रोजच्या कामात ते तिथे धरलेलेच होते.

मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला दिसतात?"

"दिसत न्हाईत. पन मानूस बसलेला कळतो की." त्यांनी कोपऱ्यातल्या झाडाकडे बघितलं. "पयले हिंडायचे. आता नुस्ते बसत्यात. लई थकल्यात, ताई. जित्या मानसाला तरी आमुशाची सुट्टी असती. ह्यांना न्हाई."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "लेक बोलावती लातूरला. नातीला मी अजून मांडीवर घेतलं न्हाई. ह्यांना हितं टाकून कशी जाऊ? आन् कुनाला सांगू की कावून येत न्हाई? भावजींना म्हना, त्यांचं नाव कमी करा. त्यांनाबी सोडा, मलाबी सोडा."

हा निरोप मी सरांना जसाच्या तसा दिला. ते बरे होऊन क्लासला आले होते, पण शर्ट त्यांच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

"गैरहजर लिहू या," मी म्हटलं.

"गैरहजर म्हंजे न सांगता ऱ्हायला. दादा तसा मानूस नव्हता."

"मग रजा."

"रजेवरचा मानूस परत येतो, ताई."

"मग वहिनी म्हणतात तसं नाव कमी करा. ओळच काढून टाका."

"ओळ काढली तर सगळ्या बेरजा मोडत्यात," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला.

ते खरं होतं. शिकाऊ दिवसांत त्यांनी प्रत्येक बेरीज 'ह' असेल तर एक धरत, एकेक चौकट अधिक करत बांधली होती. दादांची चौकट प्रत्येक बेरजेत पहिली. ती ओळ काढली की खालच्या सगळ्या आकड्यांच्या जागी चुकीची खूण येणार. पण हे काम मला जमणारं होतं. मी फाइलची दुसरी प्रत घेतली, चाचणीत खऱ्या कुणाची ओळ जाऊ नये म्हणून तिच्यातली नावं बदलली, आणि एकेक सूत्र नव्याने लिहून काढलं. मग पहिली ओळ काढून तपासलं. बेरजा जागच्या जागी राहिल्या. ओळ न काढता तीच सूत्रं मूळ फाइलमध्ये लिहिली आणि सरांना खुर्चीत बसवलं.

"आता काही मोडत नाही, सर. बघा."

मी दादांची ओळ निवडली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी झाली. सरांनी बोट ओळ पुसायच्या कळीवर ठेवलं. रशीदभाई आणि नागनाथअप्पा न सांगताच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सर म्हणाले, "मी ल्हान असताना त्यानंच मला खांद्यावर बसवून शाळंत नेलं, ताई. मास्तरानं हजेरी घेतली की दारातून तोच वरडायचा, 'हजर!'"

त्यांनी कळ बदलली. त्या दिवसाच्या चौकटीत 'ह' लिहिला. "उद्या करू."

असे उद्या बरेच झाले. रोज मी ओळ निवडून द्यायची, रोज ते 'ह' लिहायचे. शिवरात्रीच्या आधी सर गेले. दुपारी क्लासमध्येच, खुर्चीत, दाराकडे तोंड करून. समोर शीट उघडी होती. त्या दिवसाचा 'ह' लिहिलेला होता.

क्लास बंद झाला. त्यातला एक संगणक सरांच्या मुलाने मला दिला, फ्लॉपी माझ्याकडे होतीच. आता कळ दाबणं माझ्या हातात होतं, पण नवरा वहिनींचा, निर्णय माझा कसा असेल? मी त्यांना निरोप धाडला आणि त्या येईपर्यंत रोज लिहीत राहिले.

पाडव्यानंतर वहिनी बीडला आल्या. हातात पिशवी, पिशवीत नातीसाठी शिवलेली दुपटी. माझ्याकडचं काम झालं की थेट लातूरची गाडी. मी त्यांना संगणकापुढे बसवलं आणि ओळ निवडली.

"ही काळी पट्टी म्हंजे हे?"

"हो."

त्यांनी काचेवर तळवा टेकवला. काचेतून बारीक चरचर आवाज आला आणि त्यांच्या हातावरची लव उभी राहिली. त्यांनी हात काढला नाही.

"काच ऊन हाय."

"मशीन चालू असलं की तापते."

"हां." हात तसाच. "काढल्यावर बाकीच्या बायांचं काय बिघडत न्हाई ना?"

"काही नाही. मी तपासलंय."

"मंग काढा."

मी बोट कळीवर ठेवलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा."

मी थांबले.

"परवापासनं मोसंबीची तोड हाय. रशीदभाईचा टेम्पो यायचाय. मानसं मिळनात, ऊसतोडीला गेलेला अर्धा गाव कारखान्याकडनं अजून आला न्हाई." त्या काचेकडे बघत हिशेब करत होत्या. "तोडीला हे लागत्यात. कुठलं फळ भरलंय, कुठलं न्हाई, बायांना ह्यांच्याबिगर कळत न्हाई. एवढी तोड होऊ द्या."

"वहिनी, लातूरची गाडी?"

"तोड झाल्यावर जाते की. नात काय पळून चाललीय का?"

दुपटी माझ्याकडे ठेवून त्यांनी नेकनूरची बस धरली. ती दुपटी पुढे मीच लातूरला पोचवली.

तोड झाली. मग बागेला ताण द्यायचा, म्हणजे काही दिवस पाणी तोडायचं होतं, त्यात कॉकवर लक्ष ठेवायला माणूस हवा. मग वाळलेल्या फांद्यांची छाटणी. दर वेळी वहिनी येतात, ओळ काळी करायला लावतात, काचेवर हात ठेवून बसतात आणि मग काहीतरी काम निघतं. मध्ये मी नवा संगणक घेतला, फाइल त्याच्यावर चढवली. लग्नकार्याला परगावी जायचं झालं तर मुक्काम करत नाही. नवरा विचारतो, एवढं काय अडलंय? मी म्हणते, एक नोंद करायची असते.

परवा त्या आल्या तेव्हा केस पुष्कळ पांढरे झालेले दिसले. नात आता शाळेत जाते म्हणाल्या. खोडांना बुरशीसाठी बोर्डोपेस्ट लावून घेते, पाऊस यायच्या आत, आणि मग नक्की, असंही म्हणाल्या. आजचा 'ह' मी सकाळीच लिहिला. दादांचं नाव कमी करायचं राहिलंय.